टेबलावरचा खेळ मालवणच्या वाटांवर उतरवताना

टेबलावर एक लढाई खेळायला चाळीस मिनिटं लागतात आणि कुणाची तक्रार नसते. पंखा चालू असतो, चहा येत असतो, आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्याचं बोलणं ऐकण्यातच मजा असते. तीच लढाई एप्रिलच्या दुपारी मालवणच्या भरड नाक्यावर उभ्याने खेळायची म्हटली, तर चाळिसाव्या सेकंदाला खेळाडू फोन खिशात घालतो आणि सावली शोधतो. टेबलावरचा असा एक खेळ आम्ही फोन घेऊन मालवणात फिरत खेळायचा केला, आणि ते सगळं काम या एका फरकातून निघालं.

मूळ खेळ ओळखीच्या साच्यातला होता. गोष्ट सांगणारा आणि नियम चालवणारा एक सूत्रधार, चार-पाच खेळाडू, प्रत्येकाचं एक पात्र, पात्राचे सहा गुण आणि वीस बाजूंचा फासा. १९७४ साली आलेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सपासून चालत आलेली ही रीत आहे. परवान्याचा प्रश्न आधी निकालात काढला. जानेवारी २०२३ मध्ये त्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा मूलभूत नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली खुला झाला. योग्य श्रेय दिलं की तो मजकूर विक्रीच्या खेळातही वापरता येतो. खेळाचं नाव, त्याचं चिन्ह आणि त्या संचाबाहेरच्या पुस्तकांतली पात्रं मात्र या परवान्यात येत नाहीत. म्हणून पहिल्याच आठवड्यात वहीत दोन रकाने आखले, एकात घेता येणारं आणि दुसऱ्यात न घेता येणारं. प्राणी, गावं, दंतकथा सगळं आपलं लिहायचं हे तिथेच ठरलं.

कोडची एकही ओळ लिहिण्याआधी खेळ कागदावर चालवला. सूत्रधार एका जागी बसतो, खेळाडू व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन देतात, आणि ठिपका कुठे आहे ते बघून सूत्रधार मजकूर पाठवतो. तिथे पंधरा मिनिटं, एक तास आणि आठ तास असे तीन पर्याय असतात. आठ तासांचाच घ्यावा, नाहीतर ऐन रंगात ठिपका गायब होतो. खर्च काही नाही, आणि जे कळतं ते नंतर महिनाभर प्रोग्रॅमिंग करूनही कळत नाही.

पहिली गोष्ट कळली ती वर्णनाबद्दल. पडक्या वाड्याचं चार ओळींचं वर्णन पाठवलं की कुणी वाचत नव्हतं, कारण समोर खरी वाट, खरी विहीर, खरा माड होता. उलट ‘तुमच्या डाव्या हाताच्या गडग्यात सगळ्यात मोठा चिरा कुठला?’ असं विचारलं की तिघंही गडग्याकडे धावत. टेबलावर सूत्रधाराचं अर्धं बळ जागा उभी करण्यात जातं. इथे जागा आधीच उभी असते. तेव्हा नियम जसेच्या तसे फोनवर नेण्यात अर्थ नव्हता. खेळाडूने काय काय ठरवायचं तेवढंच टेबलावरून न्यायचं आणि सूत्रधाराची बाकीची कामं एकेक करून जागेकडे सोपवायची, असं आम्ही ठरवलं.

दुसरी गोष्ट अंतराची. साधी चाल मिनिटाला ७५ मीटर धरा. एका निर्णयापासून दुसऱ्या निर्णयापर्यंत तीनशे मीटर म्हणजे चार मिनिटं, आणि चार मिनिटं माणसं आपसात बोलत चालतात. चारशेच्या पुढे गेलं की बोलणं खेळाबाहेरच्या विषयांवर जातं. दीडशेच्या आत आलं की मान फोनमधून वर निघत नाही. म्हणून २५० ते ३५० मीटर हा पट्टा पक्का केला.

मग फाशांकडे वळलो. वीस बाजूंच्या फाशात प्रत्येक आकड्याची शक्यता सारखी, ५ टक्के. पडलेल्या आकड्यात पात्राच्या गुणाची भर मिळवून लक्ष्य गाठायचं असतं. भर ३ आणि लक्ष्य १३ असेल तर फाशावर १० किंवा जास्त पडावे लागतात, म्हणजे ५५ टक्के यश. उरलेले ४५ टक्के वेळा अपयश. टेबलावर अपयशातून सूत्रधार काहीतरी नवं काढतो, दार उघडलं नाही पण आतून खोकल्याचा आवाज आला असं. फोनवर फक्त ‘जमलं नाही’ एवढंच उरतं, आणि त्यासाठी माणूस उन्हात तीनशे मीटर चालून आलेला असतो. म्हणून सहा बाजूंचे दोन फासे घेतले आणि निकालाच्या तीन पायऱ्या केल्या. १० आणि वर असेल तर पूर्ण जमलं, ७ ते ९ असेल तर जमलं पण काहीतरी द्यावं लागलं, ६ आणि खाली असेल तर संकट. गुणाची भर १ असताना शक्यता अशी पडते: पूर्ण यश छत्तिसात १०, मधली पायरी छत्तिसात १६, संकट छत्तिसात १०. म्हणजे चालून आलेल्या माणसाच्या हाती दर चार वेळांपैकी जवळजवळ तीनदा काहीतरी लागतं. लिहायला सगळ्यात जड गेली ती मधली पायरी. प्रत्येक जागेसाठी ‘काय द्यावं लागलं’ याचे किमान सहा वेगळे मजकूर लागतात, नाहीतर तिसऱ्या दिवशी खेळाडू ते तोंडपाठ म्हणतात.

सहा गुणांपैकी दोन गाळले. ताकद आणि चपळाई ‘हात’ या एका गुणात बसवली, आणि ‘दम’ पूर्णपणे काढून टाकला. हा निर्णय बराच वाद होऊन झाला. टेबलावर अशक्त माणूसही दणकट पात्र खेळू शकतो, ती त्या खेळाची गोडी आहे. रस्त्यावर मात्र दम खेळाडूच्याच पायांचा असतो. त्यावर पात्राचाही दम मोजला तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला खेळ दोनदा शिक्षा करतो. त्याच कारणाने ‘इतकी पावलं चाला’ असं एकही काम ठेवलेलं नाही.

जिथे पोचलं की खेळ पुढे सरकतो त्या जागा निवडण्याचं काम पायी केलं, त्याला दुसरा मार्ग नाही. जुलै २०१६ मध्ये पोकेमॉन गो आला तेव्हा त्याच्या बहुतेक जागा इनग्रेस या आधीच्या खेळात खेळाडूंनी सुचवलेल्या जागांवरून घेतल्या होत्या. त्यामुळे जिथे आधी खेळाडू होते तिथेच जागांची दाटी झाली आणि खेड्यात नकाशा ओसाड राहिला. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा आम्हीही पाया म्हणून वापरला (श्रेय पडद्यावर दिसेल असं द्यावं लागतं), पण त्यात पाणंदी, व्हाळावरचे (ओढ्यावरचे) साकव, वाडीतले पार फार कमी सापडतात. मेढा, धुरीवाडा, दांडी, चिवला, बाजारपेठ असं फिरून प्रत्येक संभाव्य जागी दहा-दहा मिनिटं उभं राहायचं, सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी. नोंदायचं ते एवढंच: फोनने दिलेला अचूकतेचा आकडा, ठिपका किती सरकतो, सावली आहे का, उभं राहायला रस्त्याच्या कडेला निदान दोन मीटर जागा आहे का, आणि तिथे अनोळखी माणूस घुटमळला तर शेजारच्या घराला त्रास होतो का. ही शेवटची अट सगळ्यात जास्त जागा बाद करते. कुणाच्या आगराच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, जागा ठेवू नये, माड कितीही सुंदर असले तरी. देवळाच्या आत, स्मशानात आणि शाळेच्या आवारात जागा नाहीच.

अचूकतेच्या आकड्याबद्दल मोठा गैरसमज असतो. अँड्रॉइड ‘१२ मीटर’ म्हणतो तेव्हा खरी जागा त्या बारा मीटरच्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के असते, शंभर नव्हे. तीनातून एकदा आपण वर्तुळाबाहेर असतो. मोकळ्या किनाऱ्यावर आकडा चार-पाच मीटरपर्यंत येतो. दोन्हीकडे जांभ्याच्या उंच भिंती आणि वर माडा-पोफळींचं छत असलेल्या पाणंदीत तोच वीस-पंचवीसवर जातो, कारण उपग्रहाचा संकेत सरळ न येता भिंतीवरून उसळून येतो. पानं ओली असली की आणखी बिघडतं. आमची कसोटी अशी ठरली: जागेची त्रिज्या ३५ मीटर. खेळाडूच्या अंतरातून अचूकतेचा आकडा वजा करायचा, पण पंधरापेक्षा जास्त कधीही वजा करायचा नाही. उरलेलं अंतर ३५ च्या आत आलं की पोचला. वर्तुळ रस्ता ओलांडून पलीकडे जात असेल तर मध्यबिंदू मागे सरकवायचा, म्हणजे कुणी वाहनांच्या मधून धावणार नाही.

आणि आकडा २५ च्या वर गेला तर? तिथे आम्ही ‘चकवा’ आणला. कोकणात चकवा लागणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो. ठिपका भिरभिरायला लागला की पडद्यावर तांत्रिक सूचना न देता ‘चकवा लागलाय, मोकळ्या आभाळाखाली तीस सेकंद थांबा’ असं येतं. खेळाडू थांबतो, आणि थांबल्यावर फोनचा ठिपका खरंच स्थिरावतो. पहिल्या आवृत्तीत चकवा लागला की पात्राची एक मशाल जायची. ती आमची चूक होती. स्वस्त फोनवाल्याच्या मशाली पहिल्या अर्ध्या तासात संपल्या, महागड्या फोनवाल्याची एकही गेली नाही. दैव म्हणून लावलेला दंड प्रत्यक्षात फोनच्या किमतीवर बसत होता. आता चकव्यात काहीही जात नाही, उलट थांबल्याबद्दल एक जुनी खूण दिसते.

खेळाचं घड्याळ समुद्राकडे दिलं, आणि आमच्या मते या रूपांतरातला हा सगळ्यात चांगला निर्णय आहे. टेबलावर पात्राने वापरून संपवलेले मंत्र आठ तासांच्या विश्रांतीनंतर परत मिळतात. फोनवरचे बहुतेक खेळ त्याऐवजी रोज एक ठरावीक वेळ ठेवतात, आणि त्या वेळी दुकानावर किंवा कामावर असणारा माणूस रोजच मागे पडतो. भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते, रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, आणि पंधरवड्यात घड्याळाभोवती फिरून येते. पूर्ण भरतीला मंत्र भरायचे ठरवलं की आज सकाळवाल्याला फायदा, आठवड्याने संध्याकाळवाल्याला. वाटणी आपोआप समान झाली. कागदावरच्या चाचणीत तिथीच्या पाऊणपटीचा जुना ठोकताळा वापरला: चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. चाचणीला तो पुरला, खेळात मात्र छापील भरती-ओहोटीचं कोष्टक घातलं. ठोकताळा किनारपट्टीवर सगळीकडे सारखा बसत नाही, मालवणची भरती मुंबईच्या आधी येते. शिवाय दिवसाच्या दोन भरत्यांची उंची सारखी नसते, त्यामुळे किनाऱ्यावरच्या जागा घड्याळाने न उघडता पाण्याच्या उंचीने उघडाव्या लागतात.

पद्मगडाच्या बाबतीत इथेच हात आखडला. दांडीच्या किनाऱ्यासमोरच्या या छोट्या बेटावर ओहोटीला चालत जाता येतं, आणि खेळ बनवणाऱ्याला याहून मोठा मोह नाही. पाणी चढण्याचा हिशेब बारा भागांनी करतात: सहा तासांत अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक भाग. म्हणजे पहिल्या तासात बारावा हिस्साच चढतं आणि मधल्या दोन तासांत निम्मं. ओहोटीच्या दीड तास आधी जागा उघडून ऐन ओहोटीला बंद केली तर परतायला पहिला, सुस्त तास हाती राहतो. कागदावर हे नीट बसतं. पण खडकावर घसरलेला पाय, उधाणाचे दिवस, फोनमध्ये रमलेला माणूस हे त्या हिशेबात नाहीत. शेवटी जागा दांडीच्या वाळूवर, मोरयाच्या धोंड्याच्या बाजूला आणली. तिथून पद्मगड दिसतो, आणि खेळाला दिसणं पुरतं. पाणी ओलांडायला लावणारी एकही जागा ठेवायची नाही, हा नियम मग सगळीकडे लागू केला.

सिंधुदुर्गावर जागा आहेत, पण कथा पुढे नेण्यासाठी तिथे जाणं सक्तीचं नाही. होडीचं भाडं प्रत्येकाला परवडेलच असं नाही, आणि पावसाळ्यात होड्या बंद असतात. १६६४ साली काम सुरू झालेल्या या किल्ल्याचा दिल्ली दरवाजा तटबंदीच्या वळणात असा दडवलेला आहे की लांबून कळतच नाही, तेव्हा ‘दार शोधा’ हे कोडं आम्हाला रचावं लागलं नाही. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या खाऱ्या पाण्याच्या मधोमध असलेल्या तीन गोड्या विहिरींवर जखमा भरतात. संरक्षित स्मारक असल्यामुळे दगडावर कागद, स्टिकर, कोड काहीही चिकटवलेलं नाही, सगळं फोनमध्येच. होडीच्या प्रवासाने मात्र एक घोळ केला. सेकंदाला तीन मीटरपेक्षा जास्त वेग लागोपाठ तीन नोंदींत दिसला की आम्ही खेळाडूला वाहनात धरतो आणि खेळ थांबवतो. होडी कधी त्याच्या खाली, कधी वर, त्यामुळे खेळ सुरू-बंद होत राहिला. उपाय सोपा होता. धक्का ते किल्ला या पाण्यावर नकाशात एक बहुभुज आखला. त्यात असाल तोवर खेळ थांबलेलाच, वेग काही असो.

तटाच्या आड नेटवर्क तुटतं, वाड्यांतही तुटतं. म्हणून जोडणी नसताना खेळ चालला पाहिजे हे पहिल्यापासून धरलं. जिओहॅश ही नकाशावरच्या चौकोनांना अक्षरांची नावं देण्याची पद्धत आहे. नकाशाचे तिच्या सात अक्षरी चौकोनांत भाग केले, आपल्याकडे एक चौकोन साधारण दीडशे मीटरचा पडतो. चौकोनाचं नाव, तारीख आणि भरतीचा क्रमांक यांपासून एक बीज, म्हणजे सोडतीचा सुरुवातीचा आकडा, तयार होतं, आणि त्या बीजावरून त्या चौकोनात आज काय भेटेल ते ठरतं. सर्व्हर लागत नाही आणि शेजारी उभ्या दोघांना एकच गोष्ट दिसते. दोन चौकोनांच्या शिवेवर उभं राहिलं की दृश्य लुकलुकतं. त्यासाठी नव्या चौकोनात वीस मीटर आत गेल्याच्या सलग दोन नोंदी मिळाल्याशिवाय बदल करायचा नाही. फोनचं घड्याळ पुढे करून भरती ‘आणण्याचा’ प्रकार पहिल्याच आठवड्यात झाला. आता वेळ फोन सुरू झाल्यापासूनच्या न बदलता येणाऱ्या मोजणीवरून धरतो आणि जोडणी आली की सर्व्हरशी ताडतो. मोठी बक्षिसं या ताडणीनंतरच मिळतात.

बॅटरीसाठी नोंदींचा वेग अंतरावर ठेवला. जागा तीनशे मीटरच्या पलीकडे असेल तर तीस सेकंदांनी एक नोंद, शंभरपर्यंत दहा सेकंदांनी, त्याच्या आत दर सेकंदाला. तरीही खरी भूक पडद्याची असते. त्यामुळे चालताना पडदा बंद आणि फोन खिशात राहील अशी सोय केली: जवळ आलात की एक लांब थरथर, वाट चुकलात की दोन आखूड. कानात आवाज मुद्दाम दिला नाही, मागून येणारी रिक्षा ऐकू आली पाहिजे. पार्श्वभूमीतल्या स्थानाची वेगळी परवानगीही मागितली नाही. ॲप उघडं असताना सुरू केलेली, सूचनापट्टीत दिसणारी सेवा यासाठी पुरते, आणि परवानगी मागताना लोकांचा विश्वास टिकतो. कॅमेऱ्यातून प्राणी दाखवण्याचा भाग चाचणीनंतर काढला. भर उन्हात पडद्यावर काही दिसत नाही आणि फोन तापून स्वतःच पडदा मंद करतो.

प्राण्यांच्या यादीत वेताळ, देवचार, राखणदार घालावेत असं सुरुवातीला सगळ्यांनाच वाटलं. पण दक्षिण कोकणात ही नावं गोष्टीतली नाहीत. लोक त्यांना नारळ ठेवतात, शिवेची राखण त्यांच्याकडे सोपवतात. त्यांच्यावर तलवार चालवायला लावणं हा उद्धटपणा झाला असता. शत्रू म्हणून सगळे प्राणी नव्याने रचले, खाऱ्या दलदलीच्या खाजणातले, खडकाळ खडपातले. एकाने देवापुढे मागणं मांडायचं आणि बाकीच्यांनी होकार द्यायचा, त्या गाऱ्हाण्याचा मात्र ढाचा घेतला, जाणत्यांना विचारून आणि कुठल्याही देवाचं नाव न वापरता. नव्या वाडीच्या शिवेवर गटातला एक जण तीन वाक्यांतली दोन निवडून मागणं मांडतो, आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ वर बोट ठेवतात. सगळ्यांनी ठेवलं तर पुढच्या फाशाला एकची भर. ढाल-तलवारींच्या याद्यांपेक्षा खेळाडू या एका कृतीत जास्त रमतात, आणि ती बहुतेक वेळा मोठ्याने म्हणतात.

अठराच्या आतल्या मुलांचा प्रश्न हलका नाही. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे, आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. आम्ही मुलांची स्वतंत्र खाती ठेवलीच नाहीत. मूल मोठ्या माणसाच्या फोनवर, त्याच्यासोबत खेळतं. कुणाचाही चाललेला मार्ग सर्व्हरवर जात नाही, फक्त ‘अमुक जागी पोचला’ एवढी नोंद जाते.

दिवेलागणीनंतर अर्ध्या तासाने बाहेरच्या सगळ्या जागा बंद होतात. अंधाऱ्या पाणंदी, जनावराची भीती, एकट्या मुलींची सुरक्षितता, कारणं उघड आहेत. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या जागाही बंद असतात, कारण ओल्या पडद्यावर थेंबच बोटाचं काम करू लागतात. या बंद वेळेत काय करायचं याचं उत्तर शोधताना खेळ परत टेबलावर आला. दिवसभर जमवलेल्या खुणा, अर्धवट राहिलेली मागणी, ‘काय द्यावं लागलं’ याची यादी हे सगळं ॲप एका पानावर मांडून देतं. गट कुणाच्या तरी पडवीत बसतो. कुणीतरी सूत्रधार होतो, ते पान समोर ठेवतो, आणि उद्याच्या सकाळच्या ओहोटीला कुठल्या वाटेने जायचं ते वीस बाजूंच्या जुन्या फाशाने ठरतं.